दोरीवरची मोकळी जागा

चिमणीने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला तेव्हा तो चहात बिस्किट बुडवत होता, आणि पुढच्या क्षणी अर्धं बिस्किट कपाच्या तळाशी गेलं. घडलं ते एवढंच. बाहेरून बघणाऱ्याला याहून जास्त काही दिसलं नसतं. त्या पोरीला ऑफिसात सगळे चिमणी म्हणत, कारण ती आत आली की चिवचिव सुरू व्हायची. प्रवासाच्या पुस्तकांची पानं रचायची, चित्रं बसवायची, हे तिचं काम. लग्नाची रजा संपवून ती आजच परतली होती आणि सकाळपासून टेबलाटेबलावर फिरून फोटो दाखवत सुटली होती. आता त्याची पाळी आली होती. फोटोत तळं होतं. तळं म्हणजे तेच तळं, दुसरं कुठलं असणार! काठावर खांब रोवलेले, खांबांना दोऱ्या, दोऱ्यांवर हॉटेलच्या पांढऱ्याफेक चादरी, आणि तिसऱ्या-चौथ्या खांबाच्या मध्ये एका चादरीएवढी मोकळी जागा. त्या जागेत चिमणी आणि तिचा नवरा गालाला गाल लावून उभे होते. मागे पाणी चमकत होतं.

"सर, तुम्हाला तर माहीतच असणार," ती म्हणाली, "ही नवरीची जागा. तिथे रांग लागते हो फोटोला! आम्ही तासभर उभे होतो. ती गोष्ट आहे ना, तिचा नवरा होडी घेऊन पलीकडे फुलं आणायला जातो, धुकं पडतं, त्याला काठ दिसेनासा होतो. मग ही बिछान्यावरची चादर ओढते आणि काठावर वाळत घालते, त्याला दिसावी म्हणून. आणि तो येतो! तेव्हापासून तिच्या चादरीची जागा कुणी भरत नाही. तिथे जोडीने उभं राहिलं की ताटातूट होत नाही म्हणे."

"म्हणे," तो म्हणाला.

"खरी आहे ना पण गोष्ट? माझा नवरा म्हणतो, हॉटेलवाल्यांच्या थापा आहेत. मी म्हटलं, आमच्या तळेबुवांना विचारते. सॉरी सर, म्हणजे तुम्हाला."

"खरी तर," तळेबुवा म्हणाला. "पुस्तकात छापलीय ना."

ती खूश होऊन पुढच्या टेबलाकडे गेली. तो कपात बघत बसला. बिस्किटाचा लगदा झाला होता. तळेबुवा हे नाव ऑफिसने त्याला दिलं होतं, आणि ते चुकीचंही नव्हतं. पस्तीस वर्षं या माणसाने त्या एका तळ्यावर पोट भरलं होतं. इतर ठिकाणांची पुस्तकंही त्याने लिहिली, किल्ले, धबधबे, थंड हवेची गावं, सगळं. पण 'तळ्याचा परिसर : इतिहास आणि आकर्षण' हे त्याचं पहिलं पुस्तक आणि तेच दर तीन-चार वर्षांनी नव्याने निघायचं. आज त्याच्या टेबलावर दहाव्या आवृत्तीची शेवटची प्रुफं पडली होती. त्यांवर सही केली की ती छापायला जायची, आणि महिन्याभराने तो स्वतः निवृत्त व्हायचा. सही करायला पाच वाजेपर्यंत वेळ होता. पान अठरा, 'नवरीची जागा'. ते पान त्याने नऊ वेळा तपासून पास केलं होतं आणि दर वेळी त्यावरून नजर अशी सरकवली होती, जसे आपण रस्त्यात सावकाराकडे न बघता पुढे जातो. आज त्या पोरीने त्याची मान धरून तिकडे वळवली. तिला बिचारीला काय कल्पना!

इतिहास त्याला तोंडपाठ होता. आधी तिथे कुणी जात नसे. मग छातीच्या दुखण्याने बेजार झालेला कुणी श्रीमंत माणूस डॉक्टरच्या सल्ल्यावरून तिथल्या हवेला आला, बरा झाला आणि एक बंगला बांधून बसला. त्याच्या मागे त्याचे खोकणारे मित्र आले. मग न खोकणारे आले. धक्का बांधला गेला, होड्या आल्या, तीन मजली हॉटेल उभं राहिलं, चित्रकार आले, चित्रकारांना बघायला बायका आल्या आणि शेवटी नवी लग्नं झालेली जोडपी आली ती कायमची. हा सगळा इतिहास म्हणजे येणाऱ्यांचा इतिहास. जे आधीपासून तिथेच होते त्यांचं काय, तर ते धुणं धुवायचे, होड्या वल्हवायचे, भांडी घासायचे आणि सामान उचलायचे. ते तळ्याला तळंसुद्धा म्हणत नसत. नुसतं पाणी म्हणत. पाण्याकडे बघत बसायला कुणाला सवड होती? पाणी बघणं हे पाहुण्यांचं काम. पोहणं हेही पाहुण्यांचंच काम. ही गोष्ट कुणाला सांगितली तर खरी वाटणार नाही, पण त्या काठावर जन्मलेल्या शंभर माणसांत एकालाही पोहता येत नव्हतं. लहानपणी पाण्यात उतरलं की आई कान पिरगळायची. पाहुण्यांची पोरं समोर डुबक्या मारत असायची आणि ही पोरं काठावर त्यांचे टॉवेल धरून उभी.

त्याची आई हॉटेलच्या धुलाईखान्यात होती आणि ताई मोठी झाल्यावर तीही तिथेच लागली. ताई त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. चादरी मोठ्या हौदात सोड्याच्या पाण्यात भिजत पडायच्या, मग दोघी दोन टोकं धरून पीळ द्यायच्या, मग नीळ, मग पुन्हा पीळ. आईचा हात मनगटापासून खाली कायम पांढरट आणि सुरकुतलेला असायचा, जणू तो दुसऱ्याच कुणा म्हाताऱ्या बाईचा हात. ताईला पीळ देताना हसू यायचं. काय हसू येण्यासारखं होतं त्यात कोण जाणे, पण ती पिळायची आणि हसायची, आणि आई म्हणायची, "दात काढू नकोस, टोक सुटेल." चादरी वाळत घालायच्या त्या हॉटेलच्या मागच्या अंगणात. तिथे तिन्ही बाजूंनी भिंती, वारा नाही, वाळायला वेळ लागायचा, पण पान हलत नसे. तो स्वतः मात्र धुलाईखान्यात गेला नाही. तो शिकला होता, अक्षर चांगलं होतं, बोलायला गोड होता. मॅनेजरने त्याला पुढे काउंटरवर बसवलं. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. मागच्या दाराने आई आणि ताई कामाला यायच्या आणि पुढच्या दाराने तो. घरी गेल्यावर ताई त्याला चिडवायची, "साहेब, आमच्या झोपडीत आज मुक्काम का? खोली पाण्याकडची देऊ की डोंगराकडची?" तो चिडायचा. खरं तर त्याला बरं वाटायचं.

आणि मग ती काठावरच्या दोऱ्यांची गोष्ट. ती तो आजवर कुणाला बोलला नव्हता. एका पाहुण्याने एकदा मागचं अंगण बघितलं आणि काउंटरवर येऊन म्हणाला, काय सुंदर दिसतात हो त्या चादरी, पण भिंतीच्या आड कशाला घालता, पाण्याच्या काठावर घाला, फोटो काय येईल! पाहुणे असं शंभर बोलतात. पाहुणा गेला की बोलणंही गेलं. पण काउंटरवरच्या त्या बावीस वर्षांच्या शहाण्याला ते आवडलं. मॅनेजरला खूश करायची संधी दिसली. तो वर गेला आणि जणू आपल्याच डोक्यातून निघालं असं सांगितलं : साहेब, दोऱ्या काठावर हलवू या, गच्चीतून दिसतील, पांढऱ्या चादरी आणि निळं पाणी, पोस्टकार्ड छापता येईल. मॅनेजरने त्याच्या पाठीवर थाप मारली. आठ दिवसांत खांब रोवले गेले. धुलाईखान्यातल्या बायका कुरकुरल्या, वारा असतो तिथे, चादरी आवरत नाहीत. पण बायकांची कुरकुर कोण ऐकतो? पोस्टकार्ड छापलं गेलं. त्याच्यावरची ओळ त्याने लिहिली होती. 'शुभ्र काठ' असं नाव त्याने त्या जागेला दिलं, आणि लोक अजून तेच म्हणतात. ताई तेव्हा म्हणाली होती, "चांगलं आहे, आता आम्ही पण पाहुण्यांना दिसणार." ती चेष्टेत म्हणाली की मनापासून, ते त्याने विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

साडेचार झाले. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता. त्याने लाल पेन उघडलं. आज लिहायचंच. जाताजाता एक पान तरी खरं. त्याने 'नवरीची जागा' या मजकुरावर आडवी रेघ मारली आणि समासात लिहायला लागला : 'एका वाऱ्याच्या सकाळी, निळ्याशार पाण्याच्या काठी, एक हसरी तरुणी...' आणि त्याची त्यालाच किळस आल्यासारखं झालं. निळंशार! हसरी तरुणी! पस्तीस वर्षं हा हात तेवढंच शिकला होता. सख्ख्या बहिणीचं मरण लिहायला बसला तर त्याचंही आकर्षण करून ठेवत होता. त्याने ते खोडलं आणि दात ओठ खाऊन साधं लिहिलं. 'चादर उडून पाण्यात पडली. तिच्यामागे धुलाईखान्यातली मुलगी गेली. तिला पोहता येत नव्हतं. ती बुडाली.' हे बरं होतं. असंच झालं होतं. चादर उडाली तेव्हा ताई हसत धावली, उडालेल्या कुठल्याही गोष्टीमागे माणूस धावतं तशी. पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, आणि तिथे तळ एकदम खाली जातो हे काठावरच्या लोकांना माहीत असायचं कारणच नव्हतं. ओली चादर तिच्या अंगाभोवती गुंडाळली गेली. गच्चीत न्याहारी करणाऱ्या पाहुण्यांना वाटलं, पोरगी खेळतेय. त्यांतल्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून काउंटरवरचा भाऊ काय मजा चाललीय ते बघायला बाहेर आला, आणि तोही, पहिले काही क्षण, हसत होता.

पुढचं वाक्य काय? त्याने पेन टेकवलं. पुढचं वाक्य उघड होतं. वाचणारा विचारणार, चादरी इतक्या वाऱ्यात काठावर होत्याच कशाला? पूर्वी कुठे असायच्या? मग तिथून कुणी हलवल्या? खऱ्याचं हे असं असतं, एक वाक्य लिहिलं की ते पुढच्याचा हात धरून आणतं आणि आपण दार लावेपर्यंत सगळी घरात शिरतात. खोटं बिचारं एकटं येतं. नवरीची गोष्ट रचायला त्याला दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती. ताई गेल्यावर धुलाईखान्यातल्या बायका तिसऱ्या-चौथ्या खांबामधली ती जागा सोडून चादरी घालायला लागल्या. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, मुकादमीण ओरडली तरी तिथे कुणाचा हात जाईना. पाहुणे विचारायचे, मध्येच ही फट कसली? मॅनेजर त्याला म्हणाला, "बुडाली-बिडाली सांगू नकोस बाबा, लोक हौसेने येतात. काहीतरी गोड सांग." पुढचं जोडपं काउंटरवर आलं आणि त्याने सांगितलं. होडी, फुलं, धुकं, चादर. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. बक्षीस म्हणून मॅनेजरने शहरातल्या प्रकाशकाला चिठ्ठी दिली, मुलगा गुणी आहे, छान लिहितो. ताईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

पाच वाजले. चिमणी दारातून म्हणाली, "सर, अठरा नंबर राहिलंय फक्त. काही बदल?"

त्याने समासातल्या ओळी बघितल्या. लाल अक्षरं सुबक होती. अक्षर त्याचं अजूनही चांगलं होतं. त्याने कपाटातून त्याच पानाची कोरी प्रत काढली, तिच्यावर 'छापण्यास हरकत नाही' असं लिहून सही केली आणि तिच्या हातात दिली. खराब झालेलं पान घडी करून खिशात घातलं.

"तुम्हाला नाही का हो तिथे जावंसं वाटत?" तिने विचारलं. "काकूंना घेऊन."

"तिला गुडघ्यांचा त्रास आहे," तो म्हणाला.

घरी आई खिडकीपाशी खुर्चीत होती. दिवसभर तिच्याजवळ बसणारी बाई चप्पल घालून निघण्याच्या तयारीत होती. जेवण झाकून ठेवलंय, औषध दिलंय, आज चिडचिड केली नाही, असं सगळं एका दमात सांगून ती गेली. बायको माहेरी, तिच्या भावाकडे गेली होती. तो हातपाय धुऊन आईसमोर स्टुलावर बसला. आई ब्याऐंशीची. डोळे अधू, कान मात्र लख्ख. हात मनगटापासून खाली अजून तसेच, पांढरट. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, कधी आलं नव्हतं. आणि तिथेच त्याच्या आयुष्याची सगळी गोम होती. पहिली आवृत्ती घेऊन तो काठावरच्या त्या घरात गेला होता तेव्हा आईने विचारलं होतं, "तिचं लिहिलंस ना रे यात?" तो म्हणाला, लिहिलं. ती म्हणाली, "वाच." तेव्हा त्याने पान अठरा उघडून, नवरीच्या चित्रावर डोळे ठेवून, ताईची हकिकत वाचून दाखवली होती. मनाने, तिथल्या तिथे रचून, वाचल्यासारखं अडखळत. आई रडली आणि मग शांत झाली. तेव्हापासून दर आवृत्तीला, आणि मध्ये कधी तिला आठवण आली की तेव्हाही, हे वाचन व्हायचं. पुस्तक ती उशीखाली ठेवायची. शेजारणींना मुखपृष्ठावर हात ठेवून सांगायची, माझ्या लेकीचं नाव आहे यात. शेजारणींनी कधी उघडून बघितलं नाही, हे त्याचं नशीब.

"आलं का नवीन?" आई म्हणाली. तिला दिवस बरोबर कळायचे.

"पुस्तक महिन्याने येईल. पानं आणलीत."

"मग वाच."

त्याने पिशवीतून प्रुफांची जादा प्रत काढली. आज सांगून टाकावं, असं जिन्यात त्याने ठरवलं होतं. आई, यात ताईचं काही नाही, कधीच नव्हतं. एवढं एक वाक्य. पण तोंड उघडलं आणि जिभेने आपली जुनी वाट धरली. "'त्या दिवशी सकाळपासून डोंगराकडून वारा होता,'" तो वाचायला लागला. "'धुलाईखान्यातल्या मुलींनी चादरी बाहेर आणल्या. त्यांच्यात ती होती. डोक्याला निळा रुमाल बांधलेला...'"

"हिरवा," आई म्हणाली.

"काय?"

"मागच्या वेळी हिरवा होता. त्याच्या आधी दोनदा निळा. एकदा तर रुमालच नव्हता, वेणी होती."

"मागच्या आवृत्तीत थोडा बदल केला होता," तो म्हणाला, आणि आपण काय बोलतोय ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"वारा पण," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "कधी डोंगरावरून यायचा, कधी पाण्यावरून. अरे, छापलेलं दर वेळी तेच असतं ना? मला वाचता येत नाही, पण एवढं कळतं. हॉटेलच्या खोल्यांत नियमांचा कागद लावलेला असायचा, तो पाहुणे मोठ्याने वाचायचे. दर खोलीत, दर वर्षी तोच. तुझंच कसं बदलतं?"

"तुला... कधीपासून?"

"दुसऱ्या खेपेपासून."

दुसऱ्या खेपेपासून. म्हणजे तीस वर्षांहून जास्त. त्याने हिशोब केला नाही; तो आपोआप झाला. "मग बोलली का नाहीस?" तो म्हणाला. त्याला राग आला होता, आणि रागवायला आपल्याला तोंड नाही हेही कळत होतं.

"एरवी तू तिचं नाव काढायचास का?" आई म्हणाली. "बाप गेला तेव्हा नाही, लग्नात नाही. पुस्तक उघडलं की तेवढं बोलायचास. म्हटलं, बोलू दे. खोटं तर खोटं, पण तिच्याबद्दल आहे." तिने खिडकीकडे तोंड वळवलं. "रुमाल नव्हताच डोक्याला. सकाळी धुतला होता तिने, ओला होता म्हणून घरीच राहिला. मी दुपारी आले तेव्हा तो वाळला होता."

त्याचा हात खिशातल्या घडीला लागला. ते पान काढावं, त्यातल्या चार लाल ओळी तरी वाचाव्यात, असं त्याला फार वाटलं. चारच ओळी, पण खऱ्या.

"सगळं रचलंस," आई म्हणाली. "ती कशी हसायची, चादर कशी उडाली, लोक कसे धावले. कुणी धावलं नव्हतं, पण ते असू दे. मी दर वेळी वाट बघायची. म्हणायची, आज वाचेल. पण दोऱ्या मागच्या अंगणातून काठावर कुणी नेल्या, ते एकदाही आलं नाही तुझ्या वाचण्यात."

त्याचा हात खिशातच राहिला.

"तुला कुणी..."

"मॅनेजर काय मुका होता? त्यानेच सांगितलं मला, ती गेल्यावर, चौथ्या दिवशी. त्याला आपल्या अंगाला लावून घ्यायचं नव्हतं. म्हणाला, तुमच्याच मुलाची आयडिया." आईने गुडघ्यावरची शाल सारखी केली, दोन्ही टोकं बोटांनी चाचपून जुळवली. "मी तुझ्याबरोबर राहते, तुझं अन्न खाते. तू माझा मुलगा आहेस. आणखी काय करणार होते मी? तू सांगशील म्हणून थांबले, एवढंच."

"आई, मी आज..."

"आज नको. आता कशाला?" ती म्हणाली. "आता एक कर. त्या कागदावर जे खरंच छापलंय ना, ते वाच. मला ऐकू दे एकदा."

"नको आई."

"वाच म्हणते ना."

त्याने कागद उचलला. अक्षरं नाचत होती, पण त्यांची गरज नव्हती. मजकूर पाठ होता. "'नवरीची जागा,'" त्याने वाचलं. "'शुभ्र काठावर तिसऱ्या आणि चौथ्या खांबांमध्ये एका चादरीची जागा नेहमी मोकळी असते. तिच्यामागे एक हृदयस्पर्शी प्रेमकथा आहे...'" तो वाचत गेला. होडी, फुलं, धुकं. त्याचा आवाज स्थिर होता, कारण वाक्यं चांगली होती. ती अडखळू देत नव्हती. नवरीने बिछान्यावरची चादर ओढली. नवऱ्याला ती दिसली. तो परत आला. 'येथे उभी राहिलेली जोडपी कधीही दुरावत नाहीत, अशी श्रद्धा आहे.' पान संपलं.

आईने सगळं ऐकलं. डोळे मिटून, मान किंचित पुढे करून, पहिल्यांदा ऐकावं तसं ऐकलं.

"परत येतो म्हणजे तो," ती म्हणाली.

"हो."

"छान लिहिलंयस," आई म्हणाली, आणि सकाळीच उशीखालून काढून शालीखाली मांडीवर ठेवलेलं जुनं पुस्तक तिने त्याच्याकडे सरकवलं. "हे घेऊन जा आता. उशीखाली टोचतं."